सेकंड लाइफ

सेकंड लाइफ हे सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केलेले त्रिमितीय आभासी जग होय. ही कंपनी फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये स्थापन केली. या जगात माणूस एखादे रूप धारण करून वावरतो, इतरांशी बोलतो, जमीन घेतो, घरे बांधतो आणि वस्तू विकतो. त्याची गणना अनेकदा संगणकीय खेळांत होत असली, तरी येथे ठरवून दिलेले लक्ष्य नाही, गुण नाहीत आणि शेवटही नाही. म्हणूनच येथे वावरणाऱ्यांना खेळाडू न म्हणता रहिवासी म्हणतात.

आभासी जगांची सुरुवात चित्रांपेक्षा शब्दांनी झाली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून रचलेल्या ‘मड’ या जगातील खोल्या, वाटा आणि माणसे केवळ लिखित वर्णनातून उभी राहत. लुकासफिल्म गेम्सने १९८६ मध्ये कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी तयार केलेल्या ‘हॅबिटॅट’मध्ये चित्रे आली आणि पडद्यावरील प्रतिरूपाला ‘अवतार’ म्हटले गेले. संस्कृतातून इंग्रजीत गेलेला हा शब्द या नव्या अर्थासह आपल्याकडे परत आला आहे. मात्र विस्कटलेल्या माणसाला पाहून ‘काय हा अवतार!’ म्हणण्याची मराठी रीतही येथे गैरलागू नाही. कारण सेकंड लाइफमध्ये शिरताना इंटरनेटचा वेग कमी असेल, तर माणूस आधी धुक्याच्या लोटासारखा दिसतो, मग त्याचे राखाडी अंग उमटते आणि कपडे व केस सावकाश येतात.

या जगाचे वेगळेपण त्याच्या देखाव्यापेक्षा मालकीच्या प्रश्नात आहे. येथील जवळपास प्रत्येक वस्तू रहिवाशांनीच घडवलेली असते. घन, गोल, नळकांडे असे मूळ आकार ताणून, कापून, जोडून खुर्चीपासून राजवाड्यापर्यंत काहीही बांधता येते. आरंभी कंपनी या आकारांवर कर आकारत असे, म्हणजे जो अधिक बांधेल त्याला अधिक भुर्दंड. त्याविरुद्ध २००३ मध्ये ‘अमेरिकाना’ नावाच्या वस्तीतील रहिवाशांनी बंड केले आणि ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याच्या बॉस्टनच्या चहा-प्रकरणाची आठवण देत चहाच्या अवाढव्य पेट्या जागोजागी रचल्या. कंपनीने हा कर काढून जमिनीवर शुल्क लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, रहिवाशाने घडवलेल्या वस्तूचे बौद्धिक संपदा हक्क त्याच्याकडेच राहतील, असे तिने जाहीर केले. बहुतेक आभासी जगांत असे हक्क कंपन्या स्वतःकडे ठेवत असताना हा निर्णय धाडसाचा होता, आणि पुढील बहुतेक घडामोडींचे मूळ त्यातच आहे.

जमिनीचा एक पूर्ण तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे सुमारे १६ एकरांचा असतो. तो घेऊन, टेकड्या व किनारे आखून, लहान भूखंड पाडून विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला. येथील चलन असलेले लिंडन डॉलर अमेरिकी डॉलरमध्ये बदलता येतात. दर बराच काळ एका डॉलरला २५० लिंडन डॉलरच्या आसपास राहिला. जमिनीच्या व्यवहारातून मोठी झालेली ‘आन्शे चुंग’ ही अवतारव्यक्ती मे २००६ मध्ये बिझनेसवीक साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली.

जेथे बाजार आला, तेथे बाजारातील भांडणेही आली. दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे ‘कॉपीबॉट’ हे साधन नोव्हेंबर २००६ मध्ये पसरताच अनेक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. जुलै २००७ मध्ये कंपनीने जुगारावर बंदी घातली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये, भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणारी ‘गिंको फायनान्शियल’ ही आभासी बँक बुडाली. चिटफंडांचा अनुभव असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. नवी गोष्ट एवढीच की, ठेवीदारांना दाद मागायला रिझर्व्ह बँकेसारखे कोणतेही दार नव्हते. खऱ्या जगातील परवाना नसलेल्यांना व्याज देणाऱ्या बँका चालवण्यास जानेवारी २००८ मध्ये मनाई झाली. जमीन व खाते गमावलेल्या मार्क ब्रॅग या पेनसिल्व्हेनियातील वकिलाने कंपनीवर केलेला दावा तडजोडीने मिटला. तत्पूर्वी वादाचा निवाडा लवादाकडेच व्हावा ही करारातील अट अन्यायकारक ठरवून न्यायालयाने ती लागू करण्यास नकार दिला होता.

सामाजिक परिणाम बाजारापेक्षा सूक्ष्म आहेत. टॉम बेलस्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी २००४ ते २००७ या काळात, एखाद्या गावात राहून अभ्यास करावा तसे येथे क्षेत्रकार्य केले. येथील संभाषण मुळात टंकलिखित होते. कोणी लिहू लागला की त्याचा अवतार दोन्ही हात पुढे धरून, अदृश्य कळफलक असावा तशी बोटे हलवतो आणि कळांची टकटक ऐकू येते. त्यामुळे समोरचा काही सांगण्याच्या बेतात आहे हे कळते आणि इतर थांबतात. २००७ मध्ये आवाजाची सोय आली, तेव्हा अनेकांना ती नकोशी वाटली. वेगळ्या लिंगाचा अवतार घेतलेल्यांचे रूप आवाजाने उघडे पडणार होते, आणि लेखी संभाषणात इतरांच्या बरोबरीने असलेले कर्णबधिर रहिवासी मागे पडणार होते.

त्याच काळात संस्थांचीही रीघ लागली होती. २००६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने येथे वार्ताहर नेमला, हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाने अभ्यासक्रम चालवला, आणि मे २००७ मध्ये मालदीव व स्वीडन यांनी दूतावास उघडले. हा उत्साह टिकला नाही. २००९ च्या आरंभी एका वेळी उपस्थित असलेल्यांची संख्या सुमारे ८८,००० पर्यंत गेली. तो उच्चांक ठरला. जून २०१० मध्ये कंपनीने सुमारे ३० टक्के कर्मचारी कमी केले आणि त्याच वर्षी शिक्षणसंस्थांची सवलत काढून घेण्याचे जाहीर केले. अनेक विद्यापीठांनी आपली बेटे, म्हणजे या जगातील आपल्या स्वतंत्र जमिनी, सोडल्या.

फेसबुकच्या मूळ कंपनीने २०२१ मध्ये आभासी जगावर भर देत ‘मेटा’ हे नाव घेतल्यावर सेकंड लाइफची पुन्हा आठवण झाली आणि २०२२ मध्ये रोझडेल सल्लागार म्हणून परतले. हे जग आजही चालू आहे. बेटाचे शुल्क थकले की ते नकाशावरून नाहीसे होते, आणि तेथे ज्याने जे मांडले असेल ते त्याच्या खात्यातील ‘हरवले-सापडले’ या कप्प्यात जाऊन पडते.