एकाच रांगेतली दोन परसं: भाडेकरूचं आणि विकत घेतलेलं

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या जुन्या वसाहतींत जोडघरांमागे लांबच लांब परसं दिसतात. घरांची टंचाई आहे, जागा पडून आहे, मग बांधा की तिथे स्वस्त भाड्याची घरं! नकाशावर हे सोपं दिसतं, कारण शेजारशेजारची दोन परसं अगदी सारखी असतात. मालकी मात्र एक नसते.

परसं एवढी मोठी ठेवली गेली ती जाणूनबुजून. १९१८च्या ट्यूडर वॉल्टर्स या सरकारी समितीने शहरात एकरी १२च घरं असावीत असं सुचवलं, आणि पुढच्या वर्षीच्या अ‍ॅडिसन कायद्याने कौन्सिलांना घरबांधणीसाठी सरकारी पैसा मिळाला. लंडनच्या पूर्वेला बेकनट्रीची अफाट वसाहत उभी राहिली ती त्यानंतरच. तिथे भाडेकरूने बाग नीटनेटकी राखायची, असा दंडकच होता.

मग १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. स्कॉटलंडने तो २०१६ मध्ये, वेल्सने २०१९ मध्ये बंद केला. इंग्लंडमध्ये चालू आहे. त्यामुळे एका भिंतीच्या अलीकडे भाडेकरू आणि पलीकडे मालक, हे चित्र तिथे नेहमीचं.

भाडेकरूच्या परसाची जमीन कौन्सिलची, पण म्हणून ती मोकळी नव्हे. घरासोबत भाड्याने दिलेली जमीन १९८५च्या कायद्यानुसार घराचाच भाग धरली जाते. भाडेकरूला कायम राहण्याचा हक्क असेल तर कौन्सिलला अर्ध्या परसात परस्पर कुंपण घालता येत नाही. त्याची संमती हवी, नाहीतर कोर्टात जाऊन, त्याला योग्य दुसरं घर देऊन, अख्खं घरच ताब्यात घ्यायचं. मला पटतो तो सावकाश मार्ग: घर रिकामं झालं की आधी कुंपण अलीकडे घ्यावं, मग नवा भाडेकरू आणावा. वर्षं जातात, पण कुणाचे पिकते बटाटे उपटावे लागत नाहीत.

विकलेल्या परसाचं गणित वेगळं. तिथे कौन्सिल फक्त गिऱ्हाईक. मालक नाही म्हणाला तर सक्तीची खरेदी उरते. तिच्यासाठी लोकहित सिद्ध करावं लागतं, मोबदला द्यावा लागतो. मालकाने स्वतःच मागे घर बांधायचं म्हटलं तरी बांधकाम परवानगी हवी, आणि खरेदीखतात बऱ्याचदा कौन्सिलच्या संमतीशिवाय बांधायचं नाही अशी अट असते. शिवाय ते घर बाजारभावाने जाणार. कौन्सिलच्या प्रतीक्षायादीतल्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग?

२०१० मध्ये सरकारने बागांना ‘आधीच बांधकाम झालेल्या जमिनी’च्या व्याख्येतून वगळलं. म्हणजे अशा जमिनीवर बांधायला मिळणारं झुकतं माप बागांना उरलं नाही. हे दोन्ही परसांना सारखंच लागू.

खरी अडचण येते ती सलगतेची. मागच्या बाजूला घरं बांधायची तर कचऱ्याची गाडी आणि अग्निशामक बंब आत जाईल एवढा रस्ता लागतो, म्हणजे ओळीने चार-पाच परसं हवीत. मधलं एक विकलेलं निघालं की आराखडा तिथेच अडतो. म्हणून कौन्सिल आधी कोपऱ्यावरच्या घरांची रुंद परसं आणि वापरात नसलेल्या गॅरेजांच्या जागा शोधते. तिथे रस्ता आयताच असतो.