रोज एक मिलिमीटर

आमच्या शेजारच्या काकांच्या मनगटावर नारळ तासताना कोयता बसला, नस म्हणजे नर्व्ह कापली, डॉक्टरांनी शिवली पण, पण अंगठा आणि बाजूची दोन बोटं अजून बधिर. कारण कापलेल्या जागेच्या पुढचा धागा मरतो आणि नवा धागा मागून वाढत यावा लागतो, रोज साधारण एक मिलिमीटर! मनगट ते बोटाचं टोक म्हणजे सहा महिने आरामात.

या वाढणाऱ्या धाग्याला खुराक लागतो तो प्रोटीनचा. त्यातलं पहिलं सापडलं ते एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, नस वाढवणारं प्रोटीन. रिटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 चं नोबेल अशा वाढ घडवणाऱ्या प्रोटीनच्या शोधासाठीच मिळालं. मग द्या की इंजेक्शन! तर तसं चालत नाही, हे प्रोटीन शरीरात फार टिकत नाही आणि नको तिथेही पसरतं. श्रावणात पिंडीवर गळती टांगतात बघा, थेंब थेंब, नेमका तिथेच, तसं काहीतरी पाहिजे.

ती गळती म्हणजे पीएलजीए नावाचं पॉलिमर. आपोआप विरघळणारे टाके याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. पाण्याने हळूहळू तुटतं आणि उरतं काय तर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ऍसिड, यातलं लॅक्टिक म्हणजे दह्यातलंच. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर एक-दोन महिन्यांत संपतं, लॅक्टिक वाढवलं की जास्त टिकतं. याच्या बारीक गोळ्यांत प्रोटीन भरायचं आणि नसेची दोन टोकं जोडायला मधे जी नळी बसवतात तिच्यात त्या ठेवायच्या.

ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्याच दिवशी बराच माल भसकन बाहेर येतो, आणि आत साठणाऱ्या ऍसिडने उरलेलं प्रोटीन खराब होतं. त्यावर उपाय म्हणून गोळीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून पाहिलंय, हो, आपण ऍसिडिटीवर घेतो तेच 😄

आणि सगळ्यात गंमत म्हणजे जास्त दिलं तरी पंचाईत. जीडीएनएफ नावाचं प्रोटीन एकाच जागी सतत मिळत राहिलं तर धागे तिथेच घुटमळतात, पुढे जातच नाहीत, जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे पोर अडून बसतं तसं. म्हणजे गळती वेळेवर थांबायला पण हवी, आणि माझ्या मते खरं कठीण काम तेच आहे.

रिकाम्या नळ्या सर्जन आज वापरतात, प्रोटीन भरलेल्यांचं काम मात्र बहुतेक अजून उंदरांवरच चाललंय. तोवर काका पडवीत बसून तळव्यावर बोटाने टकटक करतात, जिथे झिणझिण्या येतात तिथवर धागा पोचला असं समजून पेनाने टिंब काढतात. गेल्या महिन्याचं टिंब पुसट झालंय, नवं त्याच्यापुढे दोन बोटं.