शंभुनाथ डे आणि उद्धरणांचा हिशेब

वैद्यकीय संशोधकाचे नाव गूगल स्कॉलरवर शोधले की आधी डोळ्यांत भरतात ते आकडे: एकूण उद्धरणे किती, एच-इंडेक्स किती. दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात एखाद्या कामाचा संदर्भ दिला की ते एक उद्धरण. एच-इंडेक्स 20 म्हणजे त्या संशोधकाच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 उद्धरणे मिळाली आहेत. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये हे माप सुचवले. आता निवड समित्यांपुढे ते उमेदवाराच्या आधी पोहोचते.

हे माप किती उशिरा जागे होते, ते कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांच्या कामावरून कळते.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यातच पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूचा छडा लावला. हा जंतू विष तयार करत असावा, असा त्यांचा कयास होता. पण ते सिद्ध होत नव्हते. प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचले, तरी माणसासारखी पटकी होत नव्हती. डे यांनी जागा बदलली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा आणि जंतू त्यातच सोडायचे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेला असे. हा प्रयोग त्यांनी डी. एन. चटर्जी यांच्यासह 1953 मध्ये प्रसिद्ध केला. मग जंतू गाळून काढले आणि नुसता द्रव आतड्यात सोडला, तरी तेच घडले. 1959 मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले आणि कॉख यांच्या कयासाला 75 वर्षांनी पुरावा मिळाला.

यानंतर गाजावाजा व्हायला हवा होता. झाला नाही. विष शुद्ध रूपात वेगळे व्हायला 1969 उजाडले, आणि ते हाती आल्यावर पटकीच्या संशोधनाला वेग आला. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते, पण साखरेबरोबर मीठ शोषण्याची त्यांची वाट बंद करत नाही. मीठ-साखरेच्या पाण्याने रुग्ण वाचतो तो याच वाटेमुळे. डे मात्र 1973 मध्ये निवृत्त झाले. 1978 मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही आणि 1985 मध्ये ते वारले. याची मला आजही चीड येते.

पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लिहिले ते युजीन गारफिल्ड यांनी. 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू करून उद्धरणे मोजण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, तेच हे गारफिल्ड. डे यांचे काम आधी दुर्लक्षित राहिले आणि नंतर मैलाचा दगड ठरले, हे त्यांनी नोंदवले.

नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे दर निबंधामागे सरासरी किती उद्धरणे, हा मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवर काढतात. ज्या कामाला दहा वर्षांनी वाचक मिळतात, ते या खिडकीतून दिसणारच नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बांधलेल्या आतड्याची ती पद्धत पुढे प्रयोगशाळांमध्ये इतकी रुळली की मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरजही अनेकांना वाटेना. शोध पाठ्यपुस्तकात गेला की उद्धरणे आटतात.

प्रत्येक पद्धतीच्या नशिबी हे येत नाही. द्रवातले प्रथिन मोजण्याची ऑलिव्हर लॉरी यांची 1951ची पद्धत 3 लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाली आहे. ती उपयोगी आहेच. पण या आकड्यावरून तिची पटकीच्या विषाशी तुलना करणे मला निरर्थक वाटते. तो आकडा किती प्रयोगशाळांना प्रथिन मोजावे लागते, एवढेच सांगतो.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतही आहे. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर प्रयोग केले. जिवंत जंतू न देता, फोडलेल्या जंतूंचा अर्क दिला, तरी पिलांना पटकीसारखे जुलाब झाले. हेही 1959 मध्येच छापून आले. कोलकात्याचा आणि मुंबईचा, दोन्ही निबंध अवघे दोन-दोन पानांचे आहेत. ते शेजारी ठेवून वाचले, तर एकाच कोड्याच्या दोन वेगळ्या उकली एकाच वर्षी हाती येताना दिसतात.