जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर-आधार बंद होणे

हार्डवेअर बनवणारी कंपनी एखाद्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नवे ड्रायव्हर काढायचे थांबवते आणि पुढे कधीतरी आधीचेही संकेतस्थळावरून उतरवते, त्याला ड्रायव्हर-आधार बंद होणे म्हणतात. विशिष्ट चिपकडून काम कसे करून घ्यायचे हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर यंत्र धडधाकट असूनही पडून राहते. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या यंत्र-यादीत त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड २८ दिसला, की ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे.

दुकानात येणारी ‘ड्रायव्हर मिळत नाही’ ही तक्रार प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टींची असते. नवे यंत्र जुन्या विंडोजवर चालवायचे असते तेव्हा ड्रायव्हर मुळात बनलेलाच नसतो, त्यामुळे शोधण्यात रात्र घालवून उपयोग नसतो. जुने यंत्र नव्या विंडोजवर चालवायचे असते तेव्हा ड्रायव्हर कुठेतरी असतो, पण नवी विंडोज तो घ्यायला तयार नसते. पहिल्या प्रकारात ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी लागते, दुसऱ्यात बहुतेक वेळा वाट काढता येते. हा फरक आधी न पाहता सरळ फॉरमॅट मारला, तर चालू असलेला ड्रायव्हरही हातचा जातो.

कारणे

ड्रायव्हर एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक विंडोजवर त्याची वेगळी चाचणी करावी लागते, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही, म्हणजे ड्रायव्हर अस्सल असल्याची खूण, घ्यावी लागते, सुरक्षेतील भोके बुजवावी लागतात. त्यासाठी लागणारी साधनेही मायक्रोसॉफ्टच देते आणि तीही जुन्याला मागे टाकत जातात. विंडोज एक्सपीसाठी ड्रायव्हर बनवू शकणारे शेवटचे विकास-संच ७.१ या आवृत्तीचे होते. शिवाय प्रिंटरवर एका कंपनीचे नाव असले तरी आतली चिप अनेकदा दुसरीची असते. चिपवाल्याने हात वर केले की नाववाल्याला काही करता येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत आणि ड्रायव्हरची मुदत एकच असते असे लोक धरून चालतात. तसे क्वचितच असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, पण ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा एक्सपीसाठीचा ३६८.८१ हा ड्रायव्हर जुलै २०१६ मधला आहे. उलट, विंडोज ७ची मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत होती, तरी २०१७ च्या सुरुवातीला डेस्कटॉपवर आलेल्या इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी त्या विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर इंटेलने दिलाच नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने अशा प्रोसेसरवरील विंडोज ७चे अपडेटही अडवले.

एनव्हिडियाने ३९० मालिकेनंतर ३२-बिट विंडोज सोडली. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी ऑक्टोबर २०२१ पासून फक्त सुरक्षा-दुरुस्त्या चालू ठेवल्या आणि त्या सप्टेंबर २०२४ पर्यंतच दिल्या. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, पण तिच्यासाठीचे गेम रेडी, म्हणजे नियमित, ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२६ पर्यंत लांबवले. त्यामुळे ‘विंडोज १० गेली’ हे ग्राफिक्स कार्डापुरते त्या तारखेपर्यंत खरे नाही. विशिष्ट कार्डाची तारीख मात्र वेगळी पाहावी लागते, कारण मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची कार्डे त्याआधीच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, नियमित ड्रायव्हरमधून बाहेर पडली.

नव्या मदरबोर्डवर विंडोज ७

पहिल्या प्रकारचे हे सर्वांत नेहमीचे उदाहरण. हिशेबाचे किंवा छपाईचे जुने सॉफ्टवेअर विंडोज ७वर चालते, जुना मदरबोर्ड जळतो आणि नव्यावर तीच विंडोज टाकायची असते. इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून जुना यूएसबी २.० कंट्रोलर वगळला गेला आणि सगळे पोर्ट यूएसबी ३.०च्या कंट्रोलरवर आले. विंडोज ७मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. परिणामी सेटअपचा पहिला पडदा येतो आणि कीबोर्ड-माउस दोन्ही मरतात. पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर ‘सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर नाही’ असा संदेश येतो. तो फसवा आहे. घरात डीव्हीडी ड्राइव्ह नसला तरी येतो, कारण सेटअपला खरे तर पेनड्राइव्ह दिसत नसतो.

उपाय म्हणजे सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७च्या फाइलींमध्ये यूएसबी ३.०चे ड्रायव्हर विंडोजच्या ‘डिझम’ या साधनाने आधीच भरणे. सेटअपच्या ‘बूट’ इमेजमध्ये, म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यात, दोन भाग असतात. दोन्हींत ड्रायव्हर भरावे, कारण प्रत्यक्ष सेटअप दुसऱ्या भागातून चालतो. मग तेच ‘इन्स्टॉल’ इमेजमध्येही, आपण टाकणार त्या आवृत्तीच्या क्रमांकावर भरावे. हे शेवटचे राहून गेले तर सेटअप सुरळीत पार पडतो, संगणक पुन्हा सुरू होतो आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड परत निर्जीव. मदरबोर्डला गोल पीएस-२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावून तेवढ्यापुरती सुटका होते.

एनव्हीएमई या नव्या प्रकारची एसएसडी डिस्क असेल तर मायक्रोसॉफ्टच्या केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ या दोन दुरुस्त्याही भराव्यात, नाहीतर डिस्कच दिसणार नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू असावे लागते. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससह ते चालत नाही, म्हणून वेगळे कार्ड घालावे लागते. एवढी खटपट करून जो संगणक तयार होतो त्याला ग्राफिक्सचा पुरा ड्रायव्हर नाही आणि सुरक्षा-अपडेट नाहीत. एका सॉफ्टवेअरसाठी हा सौदा परवडणारा नाही. खाली दिलेला व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत नकली संगणक चालवण्याचा, मार्ग स्वस्त पडतो.

एक्सपीचा असाच नेहमीचा अडथळा म्हणजे सेटअपच्या सुरुवातीलाच शेवटी ७बी असलेला निळा पडदा. साटा डिस्क एएचसीआय या नव्या पद्धतीवर असली की तो येतो. बायोसमध्ये ती पद्धत जुनी आयडीई करावी. तो पर्यायच नसेल तर ड्रायव्हर सीडीत आधी मिसळून घ्यावा.

सही न जुळणे

विंडोज व्हिस्टापासून ६४-बिट विंडोज सहीविना कर्नल-ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर) घेत नाही, आणि ६४-बिट कर्नल ३२-बिट ड्रायव्हर कधीच घेत नाही. विंडोज ११ला ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे ज्या जुन्या स्कॅनरचा फक्त ३२-बिट ड्रायव्हर आहे त्याचा तिथे प्रश्नच मिटला.

विंडोज ७वर ड्रायव्हर बसतो पण कोड ५२ दाखवतो, तेव्हा ड्रायव्हरवर शा-२ पद्धतीची सही असते आणि विंडोजला ती वाचता येत नसते. आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, या क्रमाने टाकून संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा काम होते. विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरची सही लागते, पण २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रावर सही झालेल्या ड्रायव्हरना त्यातून सूट दिली होती. म्हणून २०१२ चा ड्रायव्हर विंडोज ११वर बसला तर नवल वाटू नये. बसल्यावर यंत्र चालू झाले नाही, तर विंडोज सिक्युरिटीमधील कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी पाहावी. कोणता ड्रायव्हर अडवला ते तिथे नावासकट दिसते.

इंदूरमधील स्वरूप

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल हा संगणकांचा जुना बाजार. कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप अशा बाजारांत विकले जातात. त्यांतले सहाव्या-सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. यादी, एखाददुसरा अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय मागते. लॅपटॉप घेताना रॅम विचारण्याआधी पिढी विचारावी. आय५ वा आय७ च्या पुढच्या चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे पिढी; दहाव्या पिढीपासून मात्र पहिले दोन आकडे पाहावेत.

शहरातील मराठी मजकुराचे काम हा या विषयाचा खास स्थानिक कोपरा आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल वर्षानुवर्षे पेजमेकर या पानरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टवर जुळवले गेले. अशा सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती डोंगलवर, म्हणजे पोर्टात लावायच्या कुलपावर, चालतात आणि डोंगललाही ड्रायव्हर लागतो. पॅरलल पोर्टचे डोंगल असेल तर नव्या मदरबोर्डवर पोर्टच नसते. यूएसबी-पॅरलल केबल घेऊन उपयोग होत नाही, कारण ती प्रिंटरपुरती असते आणि डोंगल ज्या पत्त्यावर पोर्ट शोधते तो पत्ता ती देत नाही. पीसीआय एक्स्प्रेसचे पॅरलल कार्डही याच पत्त्यावर अडू शकते. यातून कायमचे बाहेर पडायचे तर जुने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावेत. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी बिघडतात, म्हणून एकदा मुद्रितशोधन अटळ आहे.

इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रात प्रश्न वेगळा येतो. जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कारखानी) मशिनला प्रोग्राम आरएस-२३२, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टाच्या, केबलने जातो. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही म्हणून यूएसबी-सीरियल केबल येते, आणि तिच्यात प्रोलिफिकची पीएल २३०३ चिप असेल तर विंडोज ८पासून कोड १०, म्हणजे ‘यंत्र सुरू होत नाही’, येऊ शकतो. नकली चिपांचा सुळसुळाट झाल्यावर प्रोलिफिकने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या एचएक्सए चिपांचा आधार काढला. नव्या विंडोजवर तर यंत्राच्या नावाच्या जागीच ‘ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते.

यावर तोड अशी : डिव्हाइस मॅनेजरमधून यंत्र काढताना ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा’ या चौकोनात खूण करावी, ३.३.२.१०२ किंवा ३.३.११.१५२ हा जुना ड्रायव्हर बसवावा, आणि ‘माझ्या संगणकावरील यादीतून निवडू द्या’ या पर्यायाने तोच निवडावा. पुढच्या अपडेटमध्ये विंडोज पुन्हा नवा ड्रायव्हर टाकते, म्हणून ड्रायव्हरचे आपोआप डाउनलोड बंद करावे. वर्कशॉपमध्ये हे दर महिन्याला कोण करत बसणार? डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर नऊ पिनांचे कॉम हेडर आहे का पाहावे. अनेक नव्या बोर्डांवर ते अजून असते. त्याला पट्टीसह मिळणारी केबल जोडली की खरे सीरियल पोर्ट मिळते, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. पोर्ट सुरू होऊनही प्रोग्राम अर्धवट जात असेल तर दोष ड्रायव्हरचा नसून बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट मशिनच्या सेटिंगशी जुळत नसल्याचा असतो.

व्हर्च्युअल मशीन

जुनी विंडोज नव्या संगणकाच्या आत, व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये चालवली की नव्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरचा प्रश्न उरत नाही, कारण आतल्या विंडोजला दिसते ते ठरावीक नकली हार्डवेअर. यूएसबी स्कॅनर किंवा यूएसबी डोंगल थेट आत सोपवता येते. बाहेरच्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर लागत नाही. पीसीआय कार्डाला ही सोय या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

एक्सपीला १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क पुष्कळ होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क कार्ड पीसीनेट-फास्ट ३ निवडावे, कारण त्याचा ड्रायव्हर ३२-बिट एक्सपीत आधीच आहे, इंटेलच्या एमटी डेस्कटॉप कार्डाचा नाही. काम झाल्यावर मात्र नेटवर्क तोडून ठेवावे आणि फाइली शेअर्ड फोल्डरमधून न्याव्यात.

स्कॅनर-प्रिंटरसाठी लिनक्स हाही मार्ग आहे. तिथे बरेच ड्रायव्हर कंपनीचे नसून समुदायाने लिहिलेले असतात. कॅनोस्कॅन लाइड २० आणि २५ सेन या लिनक्सवरील स्कॅनर-सॉफ्टवेअरच्या ‘प्लस्टेक’ भागावर चालतात. एचपी लेसरजेट १०२०च्या आत फर्मवेअर साठत नाही, ते दर वेळी चालू केल्यावर संगणकाने प्रिंटरला पाठवावे लागते. लिनक्सवर प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही, तेव्हा बहुधा हेच राहिलेले असते.

ड्रायव्हर जपणे

संकेतस्थळावर आज असलेला ड्रायव्हर उद्या असेलच असे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने जुन्या मदरबोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर आपल्या डाउनलोड केंद्रातून काढले. म्हणून फॉरमॅटपूर्वी चालू ड्रायव्हर बाहेर काढावेत. विंडोज १०-११मध्ये ‘पीएनपीयुटिल’ आणि विंडोज ८.१पासून ‘डिझम’ यांच्या एक्स्पोर्ट आज्ञेने सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये येतात. विंडोज ७मध्ये सिस्टिम३२ मधील ड्रायव्हरस्टोअरचे फाइल रिपॉझिटरी फोल्डर उचलून ठेवावे. प्रिंटरच्या बाबतीत कंपनीचा मूळ सेटअपही ठेवावा, कारण नुसत्या ड्रायव्हरने स्कॅनचे बटण चालेलच असे नाही.

ड्रायव्हर आधीच गेला असेल तर यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातील विक्रेता-क्रमांक ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, आणि यूएसबीत ०६७बी म्हणजे प्रोलिफिक. हाच आयडी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये टाकून शोधता येतो. तिथून येते ती कॅब फाइल. ती उलगडून डिव्हाइस मॅनेजरला त्यातली आयएनएफ फाइल दाखवावी लागते, डबल क्लिकने काही होत नाही. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नयेत. ती चालू असलेलेही ड्रायव्हर बदलतात आणि सोबत नको ते प्रोग्राम टाकून जातात.