पाण्याची पिशवी नेमकी कुठे फुटते?

पाणी काही हलकं करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि दोन पाणवठ्यांमध्ये दिवसभराची चाल असेल तर चार-पाच किलो नुसतं पाणीच पाठीवर येतं. वजन वाचवायचं तर भांड्यात. जाड प्लॅस्टिकची एक लिटरची टणक बाटली दीडशे ग्रॅमच्या पुढे भरते. दोन लिटरची मऊ पिशवी बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहूनही हलकी असते, आणि रिकामी झाली की गुंडाळून सॅकच्या कप्प्यात जाते. म्हणून लांब पल्ल्याला निघणारे पिशवीकडे वळतात. मग एखाद्या दिवशी, नेमकं पुढचं पाणी लांब असताना, सॅकचा तळ हाताला ओला लागतो.

पिशवी घेताना चिमटीत धरून जाडी बघायची आपल्याला सवय असते. जाडीला महत्त्व आहेच, पण काट्याकुट्याचा अपवाद सोडला तर पिशवी मधोमध क्वचितच फाटते. ती दगा देते घडीवर, सांध्यावर किंवा गळ्याशी.

आधी घडी. बऱ्याच हलक्या पिशव्या नायलॉन आणि पॉलिएथिलीनचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या असतात. ताकद नायलॉनची, आतलं पॉलिएथिलीन पाणी धरतं आणि कडेला वितळून सांधा जोडतं. असा पापुद्रा रोज त्याच जागी दुमडला, की तार उलटसुलट वाकवत राहिल्यावर जशी तुटते तसा तो थकतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन चुण्या जिथे एकमेकींना छेदतात तो बारीक टोकदार कोपरा. वेष्टनं बनवणारे हाच थकवा मुद्दाम घडवून आणतात. गेल्बो चाचणीत पापुद्र्याची नळी करून ती 440 अंशांत पिळतात आणि दाबतात, मिनिटाला 45 वेळा. 20 मिनिटांत 900 फेऱ्या होतात. मग त्यावर रंगीत टर्पेंटाइन पसरून खालच्या पांढऱ्या कागदावर किती ठिपके उमटले ते मोजायचं. प्रत्येक ठिपका म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक भोक. तेव्हा पिशवीची घडी घालू नका, सैल गुंडाळी करा, आणि तीही रोज वेगळ्या बाजूने.

दुसरा पर्याय टीपीयूचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा. याच्या रेणूसाखळीत कडक आणि मऊ तुकडे आलटून पालटून येतात, त्यामुळे मऊपणासाठी वेगळं रसायन मिसळावं लागत नाही. रबरासारखा हा पदार्थ दुमडणं पुष्कळ सहन करतो. वजन थोडं जास्त, आणि नवेपणी पाण्याला प्लॅस्टिकची चव येते. उन्हात तापली की अधिकच. लांबच्या चालीसाठी मी तरी टीपीयूच घेईन, चव चार-दोन वेळा धुतल्यावर कमी होते.

सांध्याची गोष्ट जरा वेगळी. पिशवी म्हणजे कडेने जोडलेले दोन ताव. आत पाणी भरलं की ते एकमेकांपासून दूर ढकलले जातात, म्हणजे सांधा सोलला जातो. सोलताना सगळा ताण एका बारीक रेषेवर येतो आणि तिथून तो सरकत जातो. घेताना पिशवी उजेडासमोर धरा. सांध्याची पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची हवी, तीत बुडबुडे किंवा सुरकुत्या नकोत, आणि आतले कोपरे गोलसर हवेत.

आता हा ताण किती असतो ते बघू. ओढ्याचं पाणी पिण्याजोगं करायला पिशवीच्या तोंडाला गाळणी लावतात आणि पिशवी पिळून पाणी त्यातून ढकलतात. तसं पिळताना, समजा, 15 किलोचा जोर 150 चौरस सेंटिमीटरवर पडला, तर दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम दाब झाला. पापुद्र्यावरचा ताण मात्र पिशवीच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. भरल्यावर 12 सेंटिमीटर जाड होणारी, म्हणजे 6 सेंटिमीटर त्रिज्येची पिशवी घेतली, तर दर सेंटिमीटर सांध्यावर 600 ग्रॅम. हे चालून जातं. पण घाईत तिच्यावर गुडघा टेकलात आणि 40 किलो 50 चौरस सेंटिमीटरवर आले, तर तोच आकडा पावणेपाच किलोच्या वर जातो. निम्म्या जाडीच्या पिशवीत याच दाबाला ताणही निम्मा, म्हणून पिळायची पिशवी लांबट आणि अरुंद असलेली बरी.

एवढा जोर लावावा का लागतो? कारण गाळणी तुंबलेली असते. पोकळ तंतूंच्या गाळणीची छिद्रं साधारण 0.1 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडतात (विषाणू निसटतात, त्यांच्यासाठी उकळणं किंवा पाणी शुद्ध करायची गोळी), पण गढूळ पाण्यातला गाळही अडतो. धार बारीक होते, माणूस जास्त पिळतो आणि सांधा उकलतो. दोष पिशवीच्या माथी येतो. पाणी आधी रुमालातून गाळणं आणि गाळणी उलट्या धारेने वेळच्या वेळी धुणं, हे खरं तर पिशवीचंच आयुष्य वाढवणं आहे.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे पिळायचंच नाही. पिशवी झाडाला टांगा, खाली मीटरभर नळी सोडा आणि नळीच्या टोकाला गाळणी लावा. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला बरोबर 100 ग्रॅम, म्हणजे वर हातांनी दिला तेवढाच. पण हा दाब नळीच्या तळाशी, गाळणीवर असतो. पिशवीच्या वाट्याला फक्त तिच्या स्वतःच्या उंचीचं पाणी येतं, म्हणजे 30 सेंटिमीटर धरले तर 30 ग्रॅम. गाळणीचं काम तेवढंच होतं आणि पिशवी निवांत राहते. जपायचं ते टांगायच्या भोकाला, कारण सगळं वजन तिथे लोंबतं.

गळ्याशी होणारी गळती बहुधा हातघाईची. आटे जुळले तरी पाणी अडवतो तो आतला वायसर. त्यावर वाळूचा एक कण बसला तरी थेंब सुरू होतो. अशा वेळी झाकण आणखी आवळण्यापेक्षा वायसर काढून धुवा. आवळताना किंवा उघडताना कडक गळा धरा, पिशवी धरून पीळ दिलात तर गळ्याचा सांधा सैल होतो. अरुंद तोंडाची पिशवी संथ डबक्यात भरतच नाही, चपटीच राहते. त्यासाठी तळाशी पूर्ण उघडणारी पिशवी सोयीची.

न गाळलेल्या पाण्याची पिशवी वेगळी, खूण केलेली ठेवा. ओलसर बंद पिशवीत बुळबुळीत थर धरतो, म्हणून परतल्यावर ती तोंड उघडं ठेवून पूर्ण वाळवा.

वाटेत भोक पडलंच, तर टीपीयूला पॉलियुरेथेनचा डिंक किंवा ठिगळ चिकटतं, आधी ती जागा कोरडी केली तर. पॉलिएथिलीनला जवळपास काहीच धरत नाही. म्हणून सगळं पाणी एकाच पिशवीत नेऊ नये, आणि सोबत एक साधी बाटली असावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवीत हवा फुंकून झाकण लावा, बादलीतल्या पाण्यात बुडवून हळूच दाबा आणि सांध्यावरून, घड्यांवरून, शेवटी गळ्याभोवती बुडबुडे येतात का बघा. पाण्याचा थेंब बाहेर यायला तास लागेल अशा भोकातून हवा लगेच येते.