दुरेघी भिंत एकरेघी कशी झाली

प्लॅनमध्ये भिंत दिसते ती दोन समांतर रेघांची. इमारत साधारण छातीच्या उंचीवर आडवी कापली आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, तर कापलेल्या भिंतीच्या दोन कडा वरून दिसतात. त्याच या रेघा. मधली जागा म्हणजे खरी भिंत, पण कागदावर ती कोरी राहते, फार तर हॅचने, म्हणजे बारीक तिरप्या रेघांच्या नक्षीने, भरली जाते. संगणकावर भिंती झटपट काढता याव्यात म्हणून गेल्या साठेक वर्षांत जे जे झाले, ते सगळे या दोन रेघांकडून मधल्या कोऱ्या जागेकडे जात राहिले, असे मला वाटते.

ड्रॉइंग बोर्डावरचा ड्राफ्ट्समन आधी फिक्या पेन्सिलीने मध्यरेषा आखायचा, दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जाडी मोजून खुणा करायचा आणि मग टी-स्क्वेअर व गुण्या सरकवत शाईची रेघ ओढायचा. दार आले की रेघ सोडायची, दुसरी भिंत येऊन मिळते तिथे पेन उचलायचे, हे त्याच्या हाताला ठाऊक असे. चूक झालीच तर ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडावी लागे, म्हणून तो रेघ ओढण्याआधीच विचार करून घ्यायचा. भिंतीची समज पूर्णपणे माणसाकडे होती, कागदाला तिचा पत्ता नव्हता.

संगणकाला ही समज देण्याची कल्पना आश्चर्य वाटावे इतकी लवकर सुचली होती. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेली स्केचपॅड ही प्रणाली टीएक्स-२ या संगणकावर चालत असे. लाइट पेनने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या पेनासारख्या साधनाने, रेघ काढायची आणि मग सांगायचे, की या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या कर. यंत्र त्याप्रमाणे आकृती जुळवून घ्यायचे. एखादी मूळ आकृती बदलली तर तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. भिंतीला लागणारे जवळपास सगळे काही त्यात बीजरूपाने होते. पण टीएक्स-२ हे प्रयोगशाळेतले अवाढव्य यंत्र होते, कार्यालयातल्या टेबलावर येणारे नव्हते.

टेबलावरच्या संगणकात जे आले ते याहून बरेच साधे होते. ऑटोकॅड हे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉमडेक्स या संगणक-प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आले आणि त्याच वर्षाअखेर बाजारात आले. त्यात रेघ होती, वर्तुळ होते, कंस होता. भिंत नव्हती. म्हणजे बोर्डावरची दुरेघी पद्धतच पडद्यावर आली, फक्त हाताची ती सवय मागे राहिली. पुढच्या काही वर्षांत ऑफसेट (ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढणे), ट्रिम (रेघ छाटणे), एक्स्टेंड (रेघ वाढवणे) या आज्ञा मिळाल्या आणि काम करणाऱ्यांनी आपापली रीत बसवली: एक रेघ काढा, जाडीइतकी ऑफसेट करा, कोपरे शून्य त्रिज्येच्या फिलेटने (एरवी कोपरा गोल करणाऱ्या आज्ञेने) टोकदार मिळवा, उरलेले तुकडे ट्रिमने छाटा. आजही कितीतरी जण याच क्रमाने भिंती काढतात.

या रीतीत वेळ कुठे जातो ते नीट पाहायला हवे, कारण पुढची सगळी सुधारणा तिथूनच आली. लांब सरळ भिंतीला काहीच वेळ लागत नाही. वेळ खातो तो सांधा. एक भिंत दुसरीला आडवी येऊन मिळाली, तर येणाऱ्या भिंतीच्या दोन्ही रेघा जवळच्या कडेशी थांबवाव्या लागतात आणि त्या कडेत दोघींच्या मधला तुकडा उघडावा लागतो. एका सांध्यावर तीन रेघांचे काम. दोन भिंती एकमेकींना छेदून गेल्या तर चारही रेघा मधून तोडायच्या. दारासाठी दोन रेघांत खिंड पाडायची आणि दोन बाजू बंद करायच्या. आणि भिंत हातभर सरकवायची ठरली, की हे सगळे पुन्हा. सुट्या रेघांऐवजी बंद पॉलिलाइन, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या रेघांची एकच आकृती, ऑफसेट केली तर बाहेरच्या भिंतीचे सगळे कोपरे एका फटक्यात मिळतात. ही युक्ती साधी असली तरी तिने लोकांचे तासन् तास वाचवले आहेत. मात्र आतल्या भिंतींच्या सांध्यांवर ती चालत नाही.

१९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि वापरणारे स्वतःच छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. दोन बिंदू दाखवा, जाडी सांगा, दोन रेघा तयार. १९९४ च्या ऑटोकॅडच्या तेराव्या आवृत्तीत मल्टिलाइन हा प्रकार आला. एकाच आज्ञेत सोळापर्यंत समांतर रेघा, आणि सांधे जुळवण्यासाठी बारा साधनांची वेगळी चौकट. कागदावर हे अगदी हवे तसे होते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या मल्टिलाइनला नेहमीची ट्रिम चालत नसे, आणि एखादी शैली आराखड्यात वापरली की तिचे घटक बदलता येत नसत. शेवटी अनेक जण मल्टिलाइन फोडून सुट्या रेघा करत आणि जुन्याच वाटेला लागत. मला यात मल्टिलाइनची मूळ अडचण स्पष्ट दिसते. तिने रेघांची जोडी बांधली खरी, पण ती जोडी म्हणजे भिंत आहे हे तिला माहीत नव्हते.

दुसरी वाट सत्तरच्या दशकातच सुरू झाली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी मांडले, की एकच वस्तू प्लॅनमध्ये, छेदात आणि दर्शनी चित्रात पुन्हा पुन्हा काढावी लागते, म्हणून प्रत्येक बदल प्रत्येक ठिकाणी करावा लागतो. त्याऐवजी इमारतीचे वर्णनच संगणकात साठवावे आणि चित्रे त्यातून काढावीत. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचे, पुढे आर्किकॅड या नावाने ओळखले गेलेले सॉफ्टवेअर १९८४ मध्ये ॲपल लिसावर आले. ऑटोकॅडवर आधारलेल्या आर्किटेक्चरल डेस्कटॉपमध्ये १९९८ मध्ये भिंत ही स्वतंत्र वस्तू झाली. सांधा जुळला नाही तर त्यात भिंतीवर इशाऱ्याची खूण उमटायची. याच पद्धतीच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २००० मध्ये आली आणि दोन वर्षांनी ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली.

या सगळ्यांत आपण एकच रेघ ओढतो. जाडी, उंची, थर हे त्या रेघेला चिकटलेले गुण असतात. पण मग ही रेघ भिंतीत नेमकी कुठे आहे, असा नवा प्रश्न उभा राहतो, आणि घाईत बरेच जण तो टाळतात. रेव्हिटमध्ये त्याला सहा उत्तरे आहेत: संपूर्ण भिंतीची मध्यरेषा, गाभ्याची (भार वाहणाऱ्या मधल्या थराची) मध्यरेषा, गाभ्याच्या दोन कडा आणि फिनिशच्या (गिलाव्यासारख्या वरच्या थराच्या) दोन कडा. समजा २०० मिमीची बाहेरची भिंत पुढे ३०० मिमीची करायची झाली. रेघ मध्यावर असेल तर ती दोन्हीकडे ५० मिमी फुगते आणि इमारतीचा बाह्याकारही बदलतो. रेघ बाहेरच्या कडेवर असेल तर बाह्याकार जागचा हलत नाही, सगळे १०० मिमी आतल्या खोलीतून जातात. सुरुवातीला घेतलेला हा निर्णय पुढे किती काम वाचवतो, ते बदल आल्याशिवाय कळत नाही.

सांध्याचा जुना त्रास थरांनी सोडवला. रेव्हिटमध्ये थरांना १ ते ५ असे कामानुसार अग्रक्रम असतात. भार वाहणारा गाभा १, शेवटचा फिनिश ५. दोन भिंती भेटल्या की वरच्या क्रमाचा थर खालच्याला चिरून पुढे जातो, म्हणून गाभा गाभ्याला मिळतो आणि गिलावा बाजूला थांबतो. आर्किकॅडने २०१३ च्या सतराव्या आवृत्तीत हा अग्रक्रम थेट बांधकाम साहित्याला दिला. ड्राफ्ट्समनच्या हाताला जे माहीत होते, ते असे आकड्यांत उतरले. खिडकीचेही तसेच: वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीची माहिती देण्या-घेण्याच्या आयएफसी या खुल्या मानकात खिडकी भिंतीला थेट जोडलेली नसते. आधी एक पोकळी भिंतीला छेद देते, मग खिडकी ती पोकळी भरते. म्हणून खिडकी काढून टाकली तरी पोकळी ठेवता येते, आणि पोकळीही काढली तर भिंत पुन्हा अखंड होते.

आता उलट दिशेचे काम मोठे आहे. जुने प्लॅन दोन रेघांत अडकलेले आहेत, आणि त्यांतून भिंती ओळखणाऱ्या प्रोग्रॅमना आधी जोड्या शोधाव्या लागतात: कोणत्या दोन रेघा समांतर आहेत, त्यांच्यातले अंतर भिंतीच्या जाडीला शोभेल असे आहे का, त्या समोरासमोर किती लांब धावतात. मापांच्या रेघा, फर्निचर आणि जिन्याच्या पायऱ्या हे सगळेही समांतरच असते, त्यामुळे फसगत होते. दाराशी तर दोन्ही रेघा तुटलेल्याच असतात. तिथे भिंत पलीकडे चालू आहे हे प्रोग्रॅमला त्या मोकळ्या जागेवरून आणि दार कसे उघडते ते दाखवणाऱ्या कंसावरून ताडावे लागते.