मोठ्या लाटेआधीची तयारी: उंचीपेक्षा सेकंद महत्त्वाचे

पोर्तुगालमधील नाझारे या मासेमारी गावाजवळ 29 ऑक्टोबर 2020 रोजी सेबास्टियन श्टॉयट्नर हा जर्मन सर्फर ज्या लाटेवर स्वार झाला, तिची उंची पुढे 26.21 मीटर मोजली गेली. अशा बातम्यांच्या मथळ्यात उंचीच असते, आणि दीड मीटरच्या लाटांवर हात बसलेला सर्फरही पुढची पायरी चढताना उंचीचाच विचार करतो. वास्तविक त्याने आधी पाहायला हवा तो वेगळा आकडा: लागोपाठच्या दोन लाटांचे माथे एकाच ठिकाणाहून जाण्यात किती सेकंदांचे अंतर पडते. याला लाटेचा आवर्तकाल म्हणतात. पाण्यात उतरण्यापूर्वीची जवळजवळ सगळी तयारी या सेकंदांभोवती उभी राहते, असे माझे मत आहे.

खोल समुद्रात लाटेचा वेग केवळ आवर्तकालावर ठरतो. जवळच्या वाऱ्याने उठवलेली 8 सेकंदांची लाट ताशी सुमारे 45 किलोमीटर वेगाने सरकते आणि तिची लांबी जेमतेम 100 मीटर असते. हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेली 16 सेकंदांची लाट ताशी 90 किलोमीटरने धावते आणि तिची लांबी 400 मीटर भरते. लाट आपल्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलवते, त्यामुळे पहिलीची हालचाल 50 मीटरवर संपते, तर दुसरी 200 मीटर खोलीवरचा तळही जाणते. शक्तीचे गणित याहून बोलके आहे. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या आणि आवर्तकालाच्या प्रमाणात वाढते. दीड मीटर उंचीची, 8 सेकंदांची लाट माथ्याच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे 9 किलोवॉट शक्ती वाहून आणते. तीन मीटर उंचीची, 16 सेकंदांची लाट सुमारे 72 किलोवॉट आणते. उंची दुप्पट झालेली डोळ्यांना दिसते, शक्ती आठपट झालेली दिसत नाही.

नाझारेच्या राक्षसी लाटांचे कारणही इथेच सापडते. तेथे समुद्रतळावर एक प्रचंड दरी आहे आणि तिचे तोंड थेट किनाऱ्याशी येते. दरीवरून येणारा लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेग टिकवतो, शेजारच्या उथळ पाण्यातला भाग मंदावतो, लाट वळते, आणि दोन दिशांनी आलेले माथे एकमेकांवर चढून उंची वाढवतात. आवर्तकाल जितका मोठा, तितका दरीचा हा परिणाम ठळक.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते, आणि तिथे तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. दोन मीटरची लाट फुटताना सेकंदाला पाच मीटर धावत असते, आठ मीटरची दहा मीटर. फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारणारा माणूस जिवाच्या आकांताने सेकंदाला दोन मीटरच्या आसपास पोचतो. ही तफावत भरून काढण्यासाठी मोठ्या लाटांची फळी लांब आणि टोकाला निमुळती असते. तिला सर्फर ‘गन’ म्हणतात. एका मर्यादेपलीकडे हात अपुरेच पडतात, म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर यांत्रिक वाहनाने ओढून लाटेवर सोडण्याची पद्धत रूढ झाली. शिकणाऱ्यासाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे: खांदे आणि पाठ यांची ताकद महिनोन्‌महिने पोहून कमवावी लागते. उशिरा पकडलेली लाट हे पडण्याचे नेहमीचे कारण असते.

पडणे मात्र टळणार नाही, हे गृहीत धरूनच पुढची तयारी करावी लागते. फुटलेली लाट माणसाला खाली दाबते आणि गरगर फिरवते. त्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळलेले असल्यामुळे ते हलके झालेले असते. ते शरीराला नीट तोलत नाही आणि हातांना पकडही देत नाही. म्हणून पहिले काही सेकंद झगडणे म्हणजे प्राणवायू वाया घालवणे होय. डोके दोन्ही हातांनी झाकून अंग सैल सोडावे, घुसळण ओसरली की वर निघावे, दिशा उमगत नसेल तर पायाला बांधलेली दोरी चाचपत तरंगत्या फळीकडे जावे. वर येताना एक हात डोक्याच्या पुढे असावा, कारण फळी माथ्यावर आदळू शकते. पृष्ठभागावर फेसाचा जाड थर असतो. तो हाताने बाजूला सारल्याखेरीज श्वास घेतला, तर छातीत फेस जातो.

बहुतेक वेळा हा सगळा प्रकार दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो. घरी खुर्चीत बसून निरोगी माणूस इतका वेळ श्वास सहज रोखतो, पण धापा टाकत असताना आणि भीतीने काळीज धडधडत असताना तेच सेकंद असह्य होतात. छातीतली ती तगमग मुख्यतः प्राणवायू संपल्याने होत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. प्राणवायूचा साठा त्या क्षणी बराच शिल्लक असतो, आणि हे सरावाने अंगात मुरले की घबराट निम्मी होते. त्यासाठी जमिनीवर, सोबत कोणी असताना, जिने चढून झाल्यावर श्वास रोखण्याचा सराव करता येतो. प्राणायामातला दीर्घ, संथ उच्छ्वास हृदयाची गती खाली आणण्यास मदत करतो. एक इशारा मात्र मी कळकळीने देतो. बुडी मारण्यापूर्वी भस्त्रिकेसारखे भराभर श्वास मुळीच घेऊ नयेत. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. मग धोक्याची ती तगमग जाणवण्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. तलावात एकट्याने श्वास रोखण्याचा सराव करणारे उत्तम पोहणारेही असेच दगावले आहेत.

सोबतीचे महत्त्व कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स येथे 23 डिसेंबर 1994 रोजी क्रूरपणे दिसले. हवाईचा नामवंत सर्फर मार्क फू तिथे पडला. जवळ सर्फर होते, छायाचित्रकार होते, तरीही तो वर आलेला नाही हे बराच वेळ कोणाच्या ध्यानात आले नाही. याउलट 28 ऑक्टोबर 2013 रोजी नाझारेत बेशुद्ध झालेल्या ब्राझीलच्या सर्फर माया गबेराला तिचा जोडीदार कार्लोस बुर्ले याने किनाऱ्यावर ओढून आणले आणि छाती दाबून तिचा श्वास परत आणला. 2020 मध्ये तिथेच ती 22.4 मीटरच्या लाटेवर स्वार झाली. छाती दाबून जीवरक्षण करण्याचे प्रशिक्षण गटातल्या प्रत्येकाने घ्यायला हवे. 2010 मध्ये मॅव्हरिक्सला मरणाच्या दारातून परतलेल्या शेन डोरियन या सर्फरच्या आग्रहातून दोरी ओढताच फुगणारे जाकीट आले. ते उपयोगी आहे. मात्र ज्या लाटेवर आपण जाकिटाविना गेलो नसतो, त्या लाटेवर जाकिटाच्या भरवशावर जाऊ नये.

गोव्यात किंवा कर्नाटकातील मुल्की येथे सर्फिंग शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांची उंची, आवर्तकाल आणि दिशा यांचा अंदाज देते. पावसाळ्यातल्या आपल्या किनाऱ्यावरचे पाणी वाऱ्याने विस्कटलेले आणि प्रवाहांनी ओढणारे असते. ते सरावाचे पाणी नव्हे. इतर वेळी उंचीचा आकडा तोच राहून आवर्तकाल 9 वरून 15 झालेला दिसला, तर तो दिवस वेगळा समजावा. मोठ्या लाटा झुंडीने येतात आणि दोन झुंडींमध्ये पाणी फसवे शांत असते, म्हणून किनाऱ्यावर निदान अर्धा तास बसून घड्याळ लावावे: झुंडीत किती लाटा आहेत, दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत, इतर सर्फर कोणत्या वाटेने आत जातात आणि पडलेला माणूस वाहून कुठे निघतो. त्या सेकंदांत श्वास सावरता येईल का, याचे उत्तर ‘हो’ येत नसेल, तर त्या दिवशी फळी वाळूवरच ठेवावी.